जागतिक क्लिनिकल ट्रायलसाठी आपल्या रुग्णालयात केंद्र कसं उभारायचं

अनेक देशांत एकाच वेळी चालणाऱ्या ट्रायलमध्ये, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघण्याच्या अभ्यासात, सोलापूरच्या रुग्णाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि ओसाकाच्या रुग्णाचं क्रिएटिनिन शेवटी एकाच तक्त्यात, एकाखाली एक येतं. दोन्ही आकडे एकाच पद्धतीनं घेतलेले असतील तरच त्यांची तुलना करण्यात अर्थ आहे. १९९० साली युरोप, अमेरिका आणि जपाननं मिळून आयसीएच ही औषधांचे तांत्रिक नियम देशोदेशी एकसारखे करणारी संस्था स्थापन केली, ती याच गरजेतून. ट्रायल नीट कशी घ्यायची हे सांगणारी तिची जीसीपी मार्गदर्शिका, म्हणजे ई६, १९९६ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली गेली आणि तिची तिसरी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये स्वीकारली गेली. भारत आयसीएचमध्ये निरीक्षक आहे. आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहेत ते १९ मार्च २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम. जागतिक ट्रायल घेणाऱ्या केंद्राला दोन्ही पाळावे लागतात, आणि जिथे फरक असेल तिथे जास्त कडक असलेला नियम धरायचा.

पण ही सगळी व्यवस्था उभी राहते ती रुग्णाशेजारी बसलेल्या कोऑर्डिनेटरनं, म्हणजे ट्रायलचं रोजचं काम बघणाऱ्या माणसानं, कागदावर केलेल्या पहिल्या नोंदीवर. ती नोंद चुकली तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर तिला दुरुस्त करू शकत नाही. म्हणून पुढचं सगळं शंभर ते तीनशे खाटांचं, जिल्ह्याच्या गावातलं रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी रुग्ण मोजा

स्पॉन्सरकडून, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनी किंवा संस्थेकडून, आलेल्या फीजिबिलिटी फॉर्मवर (तुमच्याकडे किती रुग्ण मिळतील हे विचारणारा कागद) अंदाजानं आकडा टाकू नका. गेल्या सहा महिन्यांचं ओपीडी रजिस्टर काढा आणि प्रोटोकॉलचे, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्याचे, निकष एकेक करून लावा. समजा मधुमेहाची ट्रायल आहे आणि तुमच्याकडे महिन्याला ६० मधुमेही येतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ठरलेल्या पट्ट्यात असणारे त्यातले २२ निघाले. इन्सुलिन घेणारे आणि मूत्रपिंड कमजोर असलेले वगळल्यावर उरले १४. दर दोन आठवड्यांनी येऊ शकतील एवढ्या अंतरावर राहणारे ९. त्यातले निम्मे हो म्हणतील असं धरलं तरी हातात चार-पाच येतात. फॉर्मवर तीन लिहा. ऊस तोडणीचा हंगाम, पेरणीचे दिवस, वारी या काळात भेटी चुकतात, तेही आधीच सांगून ठेवा.

फुगवलेला आकडा पुढे फार महागात पडतो. तिसऱ्या महिन्यात स्पॉन्सरचे फोन सुरू होतात आणि कोऑर्डिनेटर निकषांच्या काठावरचे रुग्ण आत घ्यायला लागतो. अपात्र रुग्णाला औषध दिलं गेलं तर त्याच्या जिवाला धोका, आणि त्याची माहितीही विश्लेषणात निरुपयोगी.

पहिली ट्रायल साधी निवडा. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेची सॉलिडॅरिटी ट्रायल ३० देशांतल्या ४०५ रुग्णालयांत चालली. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतरिम निष्कर्षांत ११,३३० रुग्ण होते, आणि भारतातल्या समन्वयाचं काम पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे (नारी) होतं. वॉर्ड भरून वाहत असताना हे जमलं, कारण मागितलेली माहिती मोजकी होती: रुग्ण दगावला का, व्हेंटिलेटर लागला का, रुग्णालयात किती दिवस राहिला. दर भेटीला चाळीस पानं भरायला लावणारा प्रोटोकॉल नव्या केंद्रानं पहिल्याच वर्षी घेऊ नये.

माणसं

प्रमुख संशोधक, एक सहसंशोधक, पूर्णवेळ कोऑर्डिनेटर, औषध सांभाळणारा फार्मासिस्ट आणि नमुने घेणारा तंत्रज्ञ एवढी माणसं किमान लागतात. ट्रायलमध्ये उपचार देणारा आणि परिणाम मोजणारा वेगळा ठेवायचा असेल, तर दोघांची रजा एकाच दिवशी येणार नाही हे बघा. आयत्या वेळी कुणीतरी तिसरा मदतीला धावतो आणि ब्लाइंडिंग, म्हणजे कुणाला काय दिलंय हे मोजणाऱ्यापासून लपवलेलं असणं, फुटतं.

डेलिगेशन लॉगवर (कुणाला कोणतं काम सोपवलं त्याची नोंदवही) नाव, काम, सुरुवातीची तारीख आणि संशोधकाची सही असल्याशिवाय कुणीही त्या ट्रायलचं काम करायचं नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेनं एकदाच ईसीजी काढला तरी हा नियम तिलाही लागू. प्रशिक्षणाची नोंद डेलिगेशनच्या तारखेच्या आधीची हवी. तपासणीला आलेला माणूस सर्वांत आधी हेच दोन कागद शेजारी ठेवून बघतो.

एसओपी (कामाच्या लेखी कार्यपद्धती) सुरुवातीला बारा-पंधरा पुरतात, प्रत्येकी तीन ते पाच पानांच्या. लिहून झाल्या की नव्या परिचारिकेच्या हातात द्या आणि न बोलता बघत राहा. ती जिथे अडेल तिथे एसओपी अपुरी आहे. दुसऱ्या संस्थेची एसओपी नाव बदलून वापरू नका. तिच्यात ‘तापमान दिवसातून तीनदा तपासावं’ लिहिलेलं असतं, तुम्ही दोनदा तपासता, आणि तुमच्याच सहीच्या कागदानं तुम्ही रोज चुकता.

परवानग्यांचा क्रम

सहभागींचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीची नोंदणी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण यंत्रणेकडे, सीटी-०१ अर्जानं होते, मान्यता सीटी-०२ मध्ये मिळते आणि ती पाच वर्षं चालते. कमिटीत किमान सात सदस्य लागतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत, अध्यक्षही बाहेरचा. कायदा जाणणारी व्यक्ती, सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री असायलाच हवी. कोरम पाच जणांचा. सामान्य नागरिक म्हणून निवृत्त डॉक्टर बसवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या खुर्चीचा उपयोग ‘हे वाक्य मला कळलं नाही’ असं बिनधास्त सांगणाऱ्या माणसासाठी आहे, म्हणून तिथे शाळेतले शिक्षक किंवा बँकेतले कर्मचारी आणा. स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या नोंदणीकृत कमिटीची मान्यता चालते.

ट्रायलची परवानगी स्पॉन्सर सीटी-०४ अर्जानं मागतो आणि ती सीटी-०६ मध्ये मिळते. सर्वसाधारण मुदत ९० कामाच्या दिवसांची आहे. भारतातच शोधलेल्या औषधासाठी ती ३० कामाच्या दिवसांची. औषध बाहेरून येणार असेल तर सीटी-१६ चा अर्ज वेगळा. परवानगी आणि एथिक्स मान्यता या दोन्ही गोष्टी समांतर चालवता येतात, पण पहिला सहभागी घेण्याआधी दोन्ही हातात हव्यात आणि सीटीआरआयवर नोंदणी झालेली हवी. ही राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून ट्रायलसाठी सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी घेतली जाते. एक सहभागी आत घेतल्यावर आठवण झाली तर मागची तारीख घालून ही नोंदणी होत नाही.

करार करताना तीन खर्च हमखास राहून जातात: तपासणीत अपात्र ठरलेल्या रुग्णांचा खर्च, सहभागीचं प्रवासभाडं आणि ट्रायल संपल्यावर कागद सांभाळण्याचं भाडं. हे तिन्ही आधीच लिहून घ्या.

फ्रिज आणि सेंट्रीफ्यूज

औषधासाठी घरगुती फ्रिज घेऊ नका. वर बर्फाचा कप्पा असलेल्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीशी टेकलेली बाटली गोठते आणि दाराशी ठेवलेली आठ अंशांच्या वर जाते. फार्मसीसाठीचा २ ते ८ अंशांचा फ्रिज घ्या. औषध ठेवण्याआधी वर, मधे, खाली, दाराजवळ आणि मागे असे लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रं) ठेवून ४८ तास मोजा, आणि सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागा आतल्या बाजूनं स्टिकर लावून दाखवा. रोजच्या नोंदीचा प्रोब ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवलेला असावा, म्हणजे दार उघडल्यावर आत आलेली गरम हवा तो मोजत बसत नाही. औषधाचं खरं तापमान त्यातून कळतं.

वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ मोजून ठेवा. महिन्यातून एकदा फ्रिजचा प्लग मुद्दाम काढा आणि अलार्मचा फोन कुणाला जातो ते बघा. रात्री दोन वाजता उचलला जाईल असे तीन नंबर लागतात, एक पुरत नाही. तापमान हुकलंच तर औषध फेकू नका आणि वापरूही नका. वेगळ्या डब्यात, त्याच तापमानात, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवा, लॉगरचा आलेख स्पॉन्सरला पाठवा आणि लेखी उत्तराची वाट बघा. पाच मिनिटं ८.६ अंश असो की सहा तास १.२ अंश, निर्णय स्पॉन्सरचा.

सेंट्रीफ्यूजबद्दल, म्हणजे नळी गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्राबद्दल, जरा सविस्तर सांगणं भाग आहे, कारण जागतिक एकसारखेपणा कसा बिघडतो ते इथे स्पष्ट दिसतं. लॅब मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ‘१५०० जी, १० मिनिटं’ (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल). यंत्रावर मात्र आरपीएमची, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या याची, चकती असते, आणि तंत्रज्ञ सवयीनं ३००० लावतो. नमुन्यावर पडणारं बल रोटरच्या त्रिज्येवर अवलंबून असतं. सूत्र असं: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ३००० आरपीएमला सुमारे १६१० जी मिळतो. त्रिज्या १० असेल तर जेमतेम १००६. एकाच आकड्यावर लावलेल्या दोन यंत्रांत एवढा फरक! १५०० जी साठी पहिल्या यंत्राला सुमारे २९०० आरपीएम लागतात, दुसऱ्याला सुमारे ३६६०. रोटरच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा, हिशोब करा आणि उत्तर यंत्रावर चिकटवा. रोटर बदलला की चिठ्ठीही बदला.

रक्त घेताना नळ्यांचा क्रम पाळा: सायट्रेट, सीरम, हेपारिन, ईडीटीए, फ्लोराइड. ईडीटीए आधी घेतलं आणि त्याचा अंश सीरमच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. सायट्रेटची नळी रेषेपर्यंत भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ढळलं की रक्त गोठण्याच्या चाचण्या चुकतात. हेपारिन, ईडीटीए आणि फ्लोराइडची नळी आठ-दहा वेळा, सायट्रेटची तीन-चार वेळा हलक्या हातानं उलटी-सुलटी करा. जोरात हलवली की पेशी फुटतात. सीरमची नळी गोठण्यासाठी अर्धा तास उभी ठेवा, घाई नको.

नमुने कोरड्या बर्फात पाठवताना पेटी हवाबंद करू नका. बर्फाचा वायू होतो आणि बंद डबा फुटू शकतो. बाहेर कोरड्या बर्फासाठी यूएन १८४५ आणि नमुन्यासाठी यूएन ३३७३ ही लेबलं हवीत, आणि आत तीन थरांचं पॅकिंग. शुक्रवारी दुपारनंतर पाठवू नका. रविवारभर पेटी कुठेतरी पडून राहते आणि सोमवारी बर्फ उरलेला नसतो.

संमती

संमतीपत्राचं मराठी भाषांतर करून घ्या, ते दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उलटं भाषांतर करून घ्या आणि दोन्ही कमिटीपुढे ठेवा. मग एक पायरी जास्त करा: सातवी-आठवी शिकलेल्या पाच माणसांना मराठी मसुदा मोठ्यानं वाचायला सांगा. ‘यादृच्छिक वाटप’ इथे ते थांबतात. ‘कुणाला कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं संगणक ठरवेल, डॉक्टर ठरवणार नाहीत’ हे लगेच कळतं. ‘प्लासिबो’ला ‘औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’ असं सरळ लिहा.

भारतीय नमुन्यात सहभागीचा पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव व नातं असे रकाने लागतात. नुकसानभरपाईसाठी ते आवश्यक आहेत. जागतिक नमुना जसाच्या तसा भाषांतरित केला की हे रकाने गळतात. सहीशेजारची तारीख सहभागीनं स्वतःच्या हातानं घालायची. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर हवा, अंगठा लावताना बोलावून आणलेला वॉर्डबॉय चालत नाही. सही केलेली प्रत त्याच्या हातात द्या. नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्वी न वापरलेल्या औषधी द्रव्याच्या, ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या सहभागींच्या संमतीचं दृक्-श्राव्य मुद्रण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं.

बारकाईनं सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ असं विचारू नका. डॉक्टरांसमोर सगळेच ‘हो साहेब’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल, कशासाठी सही केली?’ असं विचारा. उत्तरात ‘मोफत नवीन औषध मिळणार’ एवढंच आलं तर त्या दिवशी सही घेऊ नका.

पित्त, चक्कर आणि उपास

जगभर दुष्परिणामांची नावं मेड्रा या कोशातून येतात. तो दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये नवा होतो आणि त्याच्या पाच पातळ्या आहेत. कोडिंग करणारा, म्हणजे तक्रारीला त्या कोशातलं नाव देणारा, माणूस मुंबईत किंवा परदेशात बसलेला असतो आणि तुम्ही इंग्रजीत लिहिलेला शब्दच तो उचलतो. त्यामुळे मराठी तक्रारीचं इंग्रजीत रूपांतर होतं त्या क्षणी सगळ्यात जास्त जपावं लागतं.

‘पित्त झालं’ घ्या. कुणाला जळजळ म्हणायची असते, कुणाला आंबट उलटी, कुणाला अर्धशिशीसारखी डोकेदुखी. आणि ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे त्वचेवर गांधी, जी औषधाची अॅलर्जी असू शकते. घाईत ‘अॅसिडिटी’ लिहिलं तर अॅलर्जीचा पहिला इशारा पोटाच्या विकारांत जाऊन बसतो. ‘चक्कर आली’ म्हटल्यावर पुढे विचारा: घर फिरल्यासारखं वाटलं, की डोळ्यांपुढे अंधारी आली, की नुसतं हलकं वाटलं? पडलात का, शुद्ध गेली का? मेड्रात या सगळ्यांची वेगवेगळी नावं आहेत. घर फिरणं तर कानाच्या विकारांत मोडतं, बाकीची मज्जासंस्थेत. ‘अशक्तपणा’ म्हणजे थकवा, हातापायांत ताकद नसणं किंवा ‘रक्त कमी आहे’ असं पूर्वी कुणीतरी सांगितलेलं, काहीही असू शकतं.

यावर उपाय असा की सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यात पहिल्या मूळ नोंदीत, आधी रुग्णाचं मराठी वाक्य जसंच्या तसं लिहायचं, त्याखाली तुमचे प्रश्न आणि उत्तरं, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजी संज्ञा. ती संशोधक डॉक्टरांनी ठरवायची. नेहमीच्या वीस-पंचवीस तक्रारींचा असा प्रश्नसंच करून भिंतीवर लावा. सहा महिन्यांत क्वेरींचं, म्हणजे नोंदींबद्दल स्पॉन्सरकडून येणाऱ्या शंकांचं, प्रमाण कमी झालेलं दिसेल.

उपाशीपोटी रक्त घेण्याची सूचना हीसुद्धा अशीच निसरडी. ‘उद्या उपाशी या’ म्हटलं की लोक जेवत नाहीत, पण चहा घेऊन येतात, कारण चहाला कुणी खाणं समजत नाही. ‘उपास’ म्हटलं तर साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात, आणि त्यांच्या दृष्टीनं उपास मोडलेला नसतो. चिठ्ठीवर असं छापा: ‘रात्री दहानंतर साध्या पाण्याशिवाय काही नाही. चहा, दूध, फराळ, तंबाखू, काहीही नाही.’ सकाळी आल्यावर ‘उपाशी आहात ना?’ असं न विचारता ‘शेवटचं काय घेतलं, किती वाजता?’ असं विचारा आणि ते लिहा.

तंबाखूबद्दल ‘धूम्रपान करता का?’ एवढाच प्रश्न असेल तर मिशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते आणि ती खरंच बोलते. मिशेरी, तपकीर, गुटखा, खर्रा ही नावं घेऊन विचारा. औषधांच्या यादीत काढा, चूर्ण, भस्म, मेडिकलवाल्यानं दिलेली पुडी आणि शेजारणीनं दिलेली गोळी यांसाठी वेगवेगळे प्रश्न हवेत. पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या पुड्या आणि पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा.

जीवनमानाच्या प्रश्नावल्या, उदाहरणार्थ ईक्यू-५डी, प्रमाणित मराठी आवृत्तीतच वापरा. एखादा शब्द अवघड वाटला म्हणून तुम्ही समजावून सांगितला तर उत्तर तुमचं झालं. प्रश्नावली डॉक्टरांना भेटण्याआधी, नातेवाईक बाजूला ठेवून भरून घ्या.

तारीख, वेळ, एकक

०३/०४/२०२५ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. म्हणून महिना नेहमी अक्षरांत. ‘आषाढीच्या दोन दिवस आधी ताप आला’ असं रुग्ण सांगतो तेव्हा कॅलेंडर काढा: २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला होती, म्हणजे ४ जुलै. रुग्णाचं वाक्यही शेजारी लिहा. ‘श्रावणात कधीतरी’ असं असेल तर दिवस अज्ञात ठेवा. पंधरा तारीख घालून रकाना भरणं म्हणजे माहिती बनवणं. शाळेत नाव घालताना लिहिलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रात घरोघरी सापडते. वयाचा निकष काठावर असेल तर तेवढ्या पुराव्यावर विसंबू नका.

औषधाची रक्तातली पातळी मोजण्याच्या ट्रायलमध्ये डोस दहा वाजता दिला आणि अर्ध्या तासाचा नमुना शीर सापडेना म्हणून १०:३७ ला घेतला, तर १०:३७ च लिहा. गणित खऱ्या वेळेवर होतं, सात मिनिटांचा उशीर त्यात सहज सामावतो. खोटं १०:३० मात्र औषध शोषलं जाण्याचा वेगच चुकीचा दाखवतं. डोस देणारा भिंतीवरच्या घड्याळात बघतो आणि रक्त घेणारा मोबाइलमध्ये, असं होऊ देऊ नका. खोलीत एकच घड्याळ, आणि ते दर सोमवारी मिळवायचं.

एककं लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. ग्लुकोज आपण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो, अनेक देश मिलिमोलमध्ये, आणि आपल्या आकड्याला १८ नं भागलं की त्यांचा येतो. क्रिएटिनिनला ८८.४ नं गुणलं की मायक्रोमोल होतात. रूपांतर हातानं करून ट्रायलच्या संगणक प्रणालीत भरू नका. प्रयोगशाळेनं दिलेला आकडा आणि एकक भरा, रूपांतर प्रणाली करेल.

चूक झाली तर एक आडवी रेघ, आतलं वाचता यायला हवं, बाजूला बरोबर नोंद, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर केंद्रात ठेवूच नका. तळहातावर किंवा टिश्यू पेपरवर रक्तदाब लिहून घेतला असेल तर तोच खरा सोर्स ठरतो, म्हणून छापील कागद खाटेपाशीच न्यायचा.

गोळ्यांचा हिशोब दर भेटीला सहभागीसमोर करा. ७० दिल्या, २८ दिवस रोज दोन म्हणजे ५६ घ्यायच्या होत्या, १७ परत आल्या. घेतल्या ५३, म्हणजे ९४.६ टक्के. शंभर टक्के नेमके येत राहिले तर रुग्ण येण्याआधी उरलेल्या गोळ्या टाकून देतोय का ते प्रेमानं विचारा.

गंभीर घटना

मराठीत एक घोळ हमखास होतो. तीव्र आणि गंभीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असह्य डोकेदुखी तीव्र असते, पण घरीच बरी झाली तर नियमाच्या अर्थानं गंभीर नसते. साध्या जुलाबांसाठी एक रात्र भरती केलं तर ती गंभीर घटना. निकष ठरलेले आहेत: मृत्यू, जिवाला धोका, भरती किंवा भरती लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, किंवा डॉक्टरांच्या मते तितकीच महत्त्वाची घटना.

घटना घडल्यापासून २४ तासांत संशोधकानं सीडीएससीओ, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. सविस्तर विश्लेषणाला १४ दिवस. माहिती अपुरी आहे म्हणून थांबू नका, आहे तेवढी पाठवा. सहभागी दुसऱ्याच गावातल्या दवाखान्यात भरती होतो आणि तुम्हाला पुढच्या भेटीत कळतं, ही सगळ्यात नेहमीची अडचण आहे. प्रत्येकाला खिशात ठेवायचं कार्ड द्या. त्यावर ट्रायलचं नाव, चोवीस तास चालणारा नंबर आणि ‘भरती केल्यास लगेच कळवा’ ही ओळ असावी. घरातल्या एका माणसालाही ते समजावून सांगा, कारण शुद्ध हरपलेला माणूस कार्ड काढून दाखवत नाही.

इजा झाली तर मोफत उपचार लगेच सुरू करायचे. इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत ते थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळे मृत्यू ओढवला तर भरपाईचं सूत्र नियमांतच आहे: आठ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले धोक्याचा घटक, भागिले ९९.३७. धोक्याचा घटक ०.५ ते ४ असा असतो. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी कमी, निरोगी माणसासाठी जास्त. त्यासाठी सुरुवातीला नोंदवलेली प्रकृती आणि वयाचा पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी नीट भरलेला कागद हा त्या कुटुंबाचा हक्क असतो.

कागद सांभाळणं

ट्रायल संपली की पेट्या माडीवर किंवा जिन्याखाली टाकू नका. युरोपच्या नियमानुसार मुख्य कागदपत्रं २५ वर्षं जपावी लागतात. एथिक्स कमिटीच्या नोंदी आपल्या नियमात ट्रायल संपल्यावर पाच वर्षं. किती वर्षं, हे करारातून बघून पेटीवर ठळक लिहा. लोखंडी रॅक, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही टळतात. दर सहा महिन्यांनी कीडनाशक फवारणी आणि तिची नोंद.

ईसीजी आणि काही यंत्रांच्या पट्ट्या उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर येतात. मराठवाड्यातल्या दोन उन्हाळ्यांत तो कागद कोरा पडतो. पट्टी निघाली त्याच दिवशी तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढा, ‘मूळ प्रतीप्रमाणे’ असं लिहून सही-तारीख घाला आणि मूळ पट्टी तिच्या मागेच जोडून ठेवा. पट्टीवर चिकटपट्टी लावू नका, तिच्याखालची अक्षरं आधी जातात.